पहिल्या नारळाची डीएनए चाचणी

गेल्या वर्षी, यात्रेच्या आधीच्या महिन्यात, माझ्या चुलत्यांनी आणि भावकीतल्या दुसऱ्या पातीच्या कारभाऱ्यांनी गालातली लाळ कापसाच्या काडीवर घेऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेला पाठवली. देवळात पहिला नारळ फोडायचा मान कोणाचा, हे त्यांना ठरवून हवं होतं.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला. निम्मं गाव एका आडनावाचं, आणि ते आडनाव दोन भावांपासूनच्या दोन पात्यांत, म्हणजे शाखांत, वाटलेलं. मान थोरल्या भावाच्या वंशाचा. थोरला भाऊ कोणत्या पातीचा, याला पुरावा नाही. चुलते नारळ फोडत, कारण त्यांचे वडील फोडत. कारभाऱ्यांनी मोबाईलवर डीएनएचा व्हिडिओ पाहिला आणि आव्हान दिलं. मान गेला तर मेल्यावर वडलांना काय तोंड दाखवू, असं चुलते घरी म्हणत.

"त्यास्नी तोंड ठाऊक हाय," चुलती म्हणे. "भाकरी खावा."

अहवाल इंग्रजीत आला. वाचायला माझ्या बहिणीला बोलावलं. ती भोरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दोन्ही पात्या आमच्या ओसरीवर बसल्या. बहिणीने सांगितलं, तपासलेला भाग बापाकडून मुलाकडे जातो, बायकांत तो नसतो.

"म्हंजी तुझ्यात न्हाई," चुलते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"नाही, काका. मला फक्त वाचता येतं."

तिने गोठ्यातलं दोन पदरी दावं आणायला लावलं आणि त्याचा पीळ सोडला. डीएनए असाच दोन पदरांचा, एकमेकांभोवती पिळलेला. पदरांवर चार प्रकारचे तुकडे, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या. ए समोर टी, सी समोर जी. त्यामुळे एक पदर हाती असला की दुसरा कसा असणार ते कळतं. पेशी दुभागण्याआधी पदर सुटतात आणि प्रत्येक जुना पदर आपला नवा जोडीदार घडवतो. एका दाव्याची दोन होतात.

"त्यातलं जुनं कंचं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"दोन्हींत एक पदर जुना, एक नवा."

"आसं कसं? कुनीतरी थोरला असंलच की."

"नसतो, अण्णा."

"भोरला ऱ्हाऊन लई शिकलीस," चुलते म्हणाले. या मुद्द्यावर दोन्ही पात्यांचं एकमत होतं.

मग तिने निष्कर्ष वाचला. दोघांचा पूर्वज एकच. नमुने जुळतात, फक्त एका जागी फरक आहे. नक्कल होताना क्वचित चूक होते आणि ती पुढच्या पिढ्यांत उतरत जाते. ही चूक कोणत्या घरात झाली, हे दोनच नमुन्यांवरून सांगता येत नाही. सांगता आलं तरी थोरलं कोण, हे त्यावरून कळणार नाही.

शेवटचं वाक्य कोणी ऐकलं नाही.

"चूक तुमच्यातच," चुलते म्हणाले. "तोंडाकडं बघून कळतंय."

"आन् तुमच्या टकलाकडं बघून काय कळतंय?"

आठवडा संपायच्या आत वेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोर दोन फ्लेक्स लागले. दोन्हींवर 'डीएनएने सिद्ध मूळ मानकरी'. दोन्ही भोरच्या एकाच दुकानात छापलेले. दुकानदाराने मजकूर तोच ठेवून फोटो तेवढा बदलला होता. मजकुरातला एक शब्द चुकला होता, तो दोन्हींवर चुकला होता.

यात्रा कमिटीने तीन बैठका घेतल्या. तोडगा निघाला नाही. यात्रेच्या सकाळी कमिटीने पहिल्या नारळाचा मान तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांना दिला. देवळापुढच्या शेडचे पत्रे त्यांनी दिले होते. त्यांचं आडनाव वेगळं, गाव वेगळं. ते उशिरा आले.

नारळ त्यांनी फोडला. सोलून चुलत्यांनी दिला. पाण्याखाली तांब्या कारभाऱ्यांनी धरला.