दुसऱ्याचं म्हणणं

"आणि दुसऱ्याचं म्हणणं काय?" हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन आजोबांचा ठरलेला प्रश्न. तक्रार कसलीही असो, आधी ते रेडिओ बंद करतात, कान खाजवतात आणि मग हेच विचारतात.

परवा माझ्या नवऱ्याने बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत कुणा स्टुडंटने गाडी पार्क केली. नवरा तणतणत आजोबांकडे गेला. "त्याला येऊ दे," म्हणून ते थंडीत दारातच उभे राहिले. पोरगा आला. अर्धा बर्फ त्यानेही उपसला होता.

त्याच आठवड्यात, नुकत्याच सिटिझन झालेल्या माझ्या नवऱ्याला ज्यूरी ड्यूटीची, म्हणजे कोर्टात इतर नागरिकांबरोबर बसून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला येण्याची, नोटीस आली. "मला बोलावलं असतं तर इस्त्रीचा शर्ट घालून गेलो असतो," आजोबा म्हणाले. तरुणपणी केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्यांनी पुरी भोगली आहे. तरी इथे पेन्सिल्व्हेनियात, सरकारने माफी दिल्याशिवाय त्यांना ज्यूरीत बसता येत नाही. मरेपर्यंत नाही! मग शिक्षा संपली कुठे?

घरात आल्यावर नवरा म्हणाला, "ही ड्यूटी कॅन्सल करता येते का बघ ना यार. आरोपीला पोलिसांनी पकडलंय म्हणजे त्याने केलंच असणार. त्यात ठरवायचं काय?"

कायद्याला हा चालतो.