बुधरीबाईंनी तोंडी दिलेला हिशेब

आरमोरीत माझं सेतू केंद्र आहे. दाखले, सातबारा, निवडणुकीचे अर्ज, सगळं भरून देतो. पण बुधरी हलामी पाच वर्षांसाठी अपात्र, हे वाचलं आणि मी हबकलोच. कारण काय, तर निवडणूक खर्चाचा हिशेब दिला नाही. अहो, या बाईने दमडीसुद्धा खर्च केली नव्हती!

बुधरीबाई जंगलातल्या कोसमटोल्याच्या गोंड. मोहफुलं वेचायची, धान रोवायचं, आणि बोलायचं ते तोंडावर. मत द्यायला त्यांच्या गावाला नऊ किलोमीटर चालावं लागतं. म्हातारी माणसं जातच नाहीत. मतदान केंद्र गावात आणायचं, एवढ्यासाठी त्या ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. गावाने सभेत एकमताने ठरवलं, दुसरा अर्जच आला नाही. बिनविरोध निवडून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी भर सभेत सांगितलं, "म्या कोनाले चहाबी नाई पाजला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याकडे सभेत सांगितलं की हिशेब झाला. पुढे हिशेब न दिल्याची नोटीस आली तेव्हाही त्या निर्धास्तच होत्या.

सरकारला मात्र हिशेब कागदावर लागतो, तीस दिवसांत, खर्च शून्य असला तरी. हे मला माहीत होतं! शेजारच्या गावात मटण-दारू वाहवणाऱ्यांचे हिशेब मीच मर्यादेत बसवून भरले. ते आज मिशीला पीळ देत सदस्य आहेत. आणि बुधरीबाईंनी कागद भरायचा का विचारलं, तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "बाई, तुमचा खर्चच नाई, तं भरता काय?" बिनविरोधवाल्यांना कोण विचारतंय, असं वाटलं. जीभ झडायला हवी होती माझी.

आदेश घेऊन त्या दुकानात आल्या. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गावातले म्हनून राह्यले, बुधरीनं पैसा खाल्ला. तुमी येऊन सांगा."

गेलो. सभेत उभा राहून माझी चूक कबूल केली. बाईंनी पैसा खाल्ला नाही, हेही सांगितलं. कोणी रागावलं नाही, उलट सगळ्यांचे चेहरे खुलले. वारलूबाबा काठी टेकत उठले. पाय अधू झाल्यापासून त्यांनी मत दिलेलं नाही.

"झालं तं मंग," ते म्हणाले. "खरं काय ते सभेत निघालं. आता बुधरीले पंचायतीत परत बसवा. आमचं केंद्र आनाचं हाय तिले."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे पाहिलं. बुधरीबाईंनीही पाहिलं. सरकारचा आदेश सभेत सांगून रद्द होत नाही, हे आता मलाच सांगायचं होतं.