मेलेल्या बाईची साक्ष

शेवंताआक्का गेल्याचा निरोप मला आयुष्यात दोनदा आला. दुसरा आला तो गेल्या महिन्यात. मी पाचवीच्या वर्गावर होते. शिपाईमामा दारात येऊन नुसतेच उभे राहिले आणि मी हातातला खडू खाली ठेवला. सकाळी माझ्या डब्यात मेथीची भाजी भरून देणारी माझी ही मावसबहीण दुपारी बाजाराला निघाली होती. नगरला सावेडीच्या रस्त्यावर रिक्षात चढता चढता तिच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तिच्या गालाला हात लावला, नाकाशी बोट धरलं, पुन्हा धरलं. डॉक्टर जरा रागानेच म्हणाले, "बाई, आम्ही तपासलंय." त्यांना काय ठाऊक, की या बाईच्या मरणाने मला एकदा फसवलं होतं...

तो पहिला निरोप नव्वदच्या आसपासचा. आक्काचं सासर खर्ड्याच्या बाजूला. नवरा रंगनाथ, बऱ्यापैकी जमीन, घरात सासू. रंगनाथाचा बाप बायकोला मारण्यात पंचक्रोशीत नावाजलेला होता, म्हणून पोराने म्हणे तरुणपणीच देवळात उभं राहून शब्द दिला होता, की बाईच्या अंगाला हात लावणार नाही. तो शब्द त्याने पाळला. त्याचं गावाला केवढं कौतुक! आक्काने माहेराहून एक कालवड नेली होती, हरणी. भाजीत मीठ जास्त झालं, पाणी तापायला उशीर झाला, की हा गडी ताटावरून उठायचा, आसूड काढायचा आणि आक्काला म्हणायचा, "दावं धर." आक्का दावं धरायची आणि तो हरणीला फोडून काढायचा. प्रत्येक फटक्याला सांगायचा, "ह्यो तुझा. ह्यो बी तुझाच." मुक्या जनावराच्या पाठीची सालटं निघायची. एकदा आसुडाची वादी डोळ्यात बसली, डोळा फुटला आणि रक्ताची चिळकांडी आक्काच्या लुगड्यावर उडाली. भीतीने दावं सुटलं, तर त्याने ते पुन्हा तिच्या हातात दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हे सगळं अंगणात, दिवसाढवळ्या. शेजारणी आक्कालाच म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, बोट लावत न्हाई नवरा."

एके दिवशी आक्का माहेरी पळून गेली. आम्हाला नगरला याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे आला तो सासरचा माणूस, एसटीने. "शेवंता हिरीत पडून गेली, रविवारी दहावा हाय," एवढं बोलून पाणीही न घेता परत फिरला. मी रडून रडून अर्धी झाले आणि रविवारी पहाटेच्या गाडीने निघाले. नदीकाठी रंगनाथ डोकं भादरून बसला होता, पिंड मांडले होते, कावळा काही शिवत नव्हता. मी हात जोडून मनात आक्काची विनवणी करत होते, की कशात जीव अडकला असेल तो सोडव. तेवढ्यात मागून कुणीतरी फिदकन हसलं. "जित्या मानसाच्या पिंडाला कावळा शिवंल व्हय रं?" मी गर्रकन वळले. शेजारच्या म्हातारीने मला समजावलं, अगदी मायेने, "आगं, माहेरी पळून गेली न्हवं का ती. म्हून त्यानं मेली म्हनून सोडलं तिला. आशी रीत हाय."

रीत! घर सोडून गेलेल्या माणसाचा जिवंतपणी दहावा घालतात हे मी ऐकलं होतं, पण त्या दहाव्याला अख्खं गाव पंगतीला बसतं हे मी त्या दिवशी पाहिलं. पानावर बुंदी पडली होती. आणि त्या पंगतीसमोर आक्का येऊन उभी राहिली. गावात काय चाललंय ते कानावर आल्यावर तिचा भाऊ तिला घेऊन आला होता. बिचाऱ्याला वाटलं, बहीण जिवंत दिसली की प्रकरण मिटेल. रंगनाथाने भादरलेलं डोकं वर केलं. "कोन ही बाई? वाढा तिला बी, उपाशी दिसतीय." पंगत खदाखदा हसली आणि पुन्हा जेवायला लागली. सासू पुढे झाली. "मेलेल्या बाईच्या गळ्यात डोरलं ठेवीत न्हाईत," म्हणाली आणि नुसता हात पसरला. ते डोरलं आक्काने स्वतःच्या हाताने काढून दिलं. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "चार दिसांत राग उतरंल त्याचा," आणि निघाला. मी आक्काचा दंड धरला, म्हटलं, "चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता." तिने दंड सोडवून घेतला. "म्या आले तर हरणीला मारून टाकील त्यो."

त्यानंतर त्या घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. तिचं पान मांडायचं नाही, हाक मारायची नाही, ती समोर आली तर जणू पलीकडची भिंत दिसतेय असं बघायचं. ती पाणी भरायची, झाडायची, उरलंसुरलं खायची. तोंडातून शब्द निघाला की अंगणात हरणीवर आसूड वाजायचा. गावानेही तो खेळ हौसेने चालवला, पाणवठ्यावर बायका एकमेकींना म्हणायच्या, "कुनी आल्यागत वाटतंय गं." पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि एका सकाळी आक्का सावेडीत माझ्या दारात उभी. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला, फडकं मांसाला चिकटलेलं. "चुलीत घातला," ती म्हणाली. "म्हनलं, बघावं... म्या हाय का न्हाई." आणि हरणी? आक्का विस्तवाने किंचाळली म्हणून रंगनाथाने हरणीचे पाय कुऱ्हाडीने तोडले होते. हरणी गेली, म्हणून ती निघू शकली.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फौजदारांनी तो हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. खूण सापडली होती ना! "कुणी भाजला?" आक्का म्हणाली, "म्याच." फौजदारांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "नवऱ्यानं भाजला म्हणा. लगेच गुन्हा दाखल करतो. नाहीतर ह्याच्यात केस कुठंय?" मला तर ते फार शहाणपणाचं वाटलं, मी आक्काला कोपराने ढोसलं. ती हलली नाही. "त्यानं हात न्हाई लावला. म्या लबाड बोलले तर त्यो खरा ठरंल. त्यानं जे केलं, तेच लिवा." ते लिहून घ्यावं म्हणून आम्ही किती हेलपाटे घातले त्याला गणती नाही. शेवटी केस उभी राहिली. तपकीर ओढणारे म्हातारे सरकारी वकील मला म्हणाले, "कायद्यात शरीराबरोबर मनाचंही नाव आहे हो बाई. पण मन कोर्टात दाखवायचं कसं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

पहिल्या तारखेला कोर्टाच्या दारात शिपायाने पुकारा केला. "शेवंता रंगनाथ, हाजिर हो!" आक्का बाकावरून ताडकन उठली. "हाय! हाय मी!" एवढ्या मोठ्याने, की आतले लोक दचकले. साक्ष देण्याआधीच ती घळाघळा रडायला लागली. का रडतेय ते मला आधी कळलंच नाही. त्या घराने टाकलेलं तिचं नाव तिथे सगळ्यांदेखत कुणीतरी ओरडून घेतलं होतं.

रंगनाथाने बचावाला अर्धं गाव आणलं. सगळे कडक इस्त्रीत. एकेक जण उभा राहायचा आणि अभिमानाने सांगायचा, की रंगूने बायकोला कधी चापटही मारली नाही. गावातले मानाचे म्हातारे, तात्या, हेच सांगून उतरायला निघाले तेव्हा सरकारी वकिलांनी त्यांना थांबवलं. "तात्या, दहाव्याला जेवलात का?"

"जेवलो की. बुंदी हुती."

"कुणाचा दहावा?"

"रंगूच्या बायकोचा."

"ती कुठं असते आता?"

"ही काय, हितं उभी हाय."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. मग सासू आली आणि मुलाच्या भल्यासाठी तिने ठणकावून सांगितलं, "सायेब, आमी कुनी तिच्यासंगं बोलतच न्हवतो, मग छळ कसा व्हईल?" या माणसांना आपण काय लपवायला हवं हेच माहीत नव्हतं. ज्याची लाज वाटायला हवी, ते त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं, आणि आक्काची केस त्यांनीच शाबीत केली.

निकालात आलं, की अंगावर एक वळ नसला तरी बाईला जिवंतपणी मेलेली ठरवून तसं वागवणं हा छळच आहे, आणि तिने आपला हात विस्तवात घालावा इतकं तिचं मन मोडलं, ही दुखापत आरोपीनेच केलेली आहे. रंगनाथ व्हरांड्यात डोकं आपटत ओरडत होता, "हात बी लावला न्हाई म्या! हात बी लावला न्हाई!" खरं सांगते, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्या कोर्टात शिक्षा कमी झाली, दोष तेवढा कायम राहिला. शिक्षा कमी झाल्याचं मला फार वाईट वाटलं. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. जे झालं ते खरंच झालं, आसं म्हनले ना सायेब? बास."

मग ती माझ्याकडेच राहिली. आसपासच्या बायका तिच्याकडे यायला लागल्या. एखादीला घेऊन ती पोलीस ठाण्यात जायची आणि कुणी "खूण कुठंय?" म्हटलं, की सांगायची, "सायेब, आधी तिला बसा म्हना. दोन शब्द बोला तिच्यासंगं, मंग कळंल." भांडण झालं तर ती मला वाट्टेल ते बोलायची, पण मी फुरंगटून गप्प बसले की कासावीस व्हायची. "शिव्या दे, पर बोल." आणि बाहेरून आली की उंबऱ्याशी थांबून हाक द्यायची, "मी आले गं!" मी आतून "ये" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायची नाही. हातात जड पिशव्या असोत, पाऊस असो. पेपर तपासताना माझं लक्ष नसायचं, तेव्हा ती तशीच उभी असायची.

तिचा दहावा आम्ही घातला नाही. भाऊ म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक जेवून गेलेत मागेच.

आता संध्याकाळी ती यायची वेळ झाली, की मी हातातलं काम ठेवते आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणते, "ये गं आक्का." कुणी येत नाही, ते मलाही दिसतं. पण तिला उत्तराविना उभं ठेवणं मला जमायचं नाही.