डब्यातली चिठ्ठी

पाकिटावरची साखर-मिठाची अक्षरं मोठी आणि लाल केली, तर माणसं जपून खातील का, असा वाद हल्ली कानावर येतो. मला आमचा ओटा आठवतो. आमच्याकडे पाकीट आलं की बिस्किटं डब्यात आणि पाकीट कचऱ्यात! लेबल बिचारं खाणाऱ्याला भेटतच नाही.

माझी रक्तातली साखर वाढली तेव्हा बायकोने चष्मा लावून लेबल वाचलं आणि क्रीमच्या बिस्किटांवर चिठ्ठी अंथरली : ‘दोन बिस्किटं म्हणजे दोन चमचे साखर.’

दुपारी मी चोरपावलांनी झाकण उघडलं आणि हात हवेतच राहिला. आजवर ग्रॅम नुसते ऐकले होते, साखर आज दिसली! शीग लावलेले दोन पांढरेशुभ्र चमचे माझ्याकडे टक लावून बघत होते.

“अहो, काय शोधताय?” आतून आवाज आला.

“वाचतोय गं.”

“वाचून झालं असेल तर एक घ्या. एकच हं! उद्या रक्त तपासायचंय.”

मी एकच घेतलं. कडेकडेने कुरतडत, चहा संपेपर्यंत पुरवलं. एवढं मोठं बिस्कीट मी जन्मात पाहिलं नव्हतं.