भाकरी हवेतून येते

मुलीने भाकरी सोडली त्याला आठवडा होत आला, तेव्हा तिचा बाप शाळेत आला. हातात कापसाच्या पऱ्हाटीची ओली काठी होती. पहिला फटका त्याने टेबलावरच्या बाटल्यांवर मारला, दुसरा माझ्या थोरल्या बहिणीच्या खांद्यावर. ती त्या शाळेत विज्ञान शिकवायची. मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि रजा काढून तिच्याकडे आलो होतो. मी त्याचा हात धरला. त्याने कोपर माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला.

"ओ बाई, काय भरवलंय माझ्या पोरीच्या डोस्क्यात? मरायला लागली की ती!"

मुलगी त्याच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

लातूर जिल्ह्यातलं हे गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. घरं नवी, पण शेतं जुन्या गावाजवळच राहिली. भूकंपानंतर जुन्या गावात वार्तांकनासाठी मी गेलो होतो. पाऊस थांबत नव्हता आणि सरणाला कोरडं लाकूड नव्हतं. माणसं घराच्या ज्या मातीच्या माळवदाखाली मेली होती, त्याच माळवदाच्या तुळया ओढून काढल्या आणि त्यांवर माणसं ठेवली. कोणाशेजारी कोण, हे कुणी पाहत नव्हतं. ओल्या तुळया धुमसत राहायच्या, लोक पुन्हा डिझेल ओतायचे. काही प्रेतं अर्धी जळून राहायची. मग पुन्हा तुळया, पुन्हा डिझेल. या मुलीची आई आणि थोरला भाऊ तिच्या बापाने असेच जाळले होते, स्वतःच्या शेताच्या कोपऱ्यात. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

बहिणीचा धडा कार्बन चक्राचा होता. पुस्तकात त्यासाठी एक झाड आणि चार बाण होते. लातूरच्या क्लासचं वेड तोवर खेड्यांपर्यंत पोचलं होतं आणि पालकांना त्या बाणांचे गुण हवे होते. बहीण बाण काढायची नाही. पानटपरीवरचा चुना रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी ती बाटल्यांत भरायची. मुलं पपईच्या पानाच्या पोकळ देठाने निवळीत फुंकायची आणि पाणी दुधासारखं व्हायचं. मग ती बरणीत तुरीची वाळली तुराटी जाळायची, विझली की आत निवळी ओतून हलवायची. तीही पांढरी. जळणातून जी हवा निघते तीच श्वासातून निघते, पान तीच ओढून घेतं आणि ज्वारीचं उभं ताट, कणीस तिच्यातून बनतं, असं ती सांगायची.

धड्याच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो.

"म्हंजी भाकर हवेतून येती, बाई?" एकाने विचारलं.

"बरीचशी."

"मग आमची माय उगंच चुलीम्होरं बसून राहिली की!"

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. तिने हात वर केला.

"बाई, माणूस जाळलं तर त्याची बी तीच हवा व्हती का?"

"होते."

"आन् ती जवारीत जाती?"

"जाते," बहीण म्हणाली.

त्या संध्याकाळपासून मुलगी जेवली नाही. पाणी आणि चहा, एवढंच. बापाने आधी समजावलं, मग मारलं, मग हात बांधून तोंडात तुकडा कोंबला. तिने तो ओकून टाकला.

आता बाप तिच्याकडे बोट करून ओरडत होता. "पोरीला लातूरला ट्यूशन लावायची हाय मला, डॉक्टर करायची हाय. आन् ही बसली उपाशी! हिच्या आईला जाळलं ती जागा मी पडीक ठिवलीय, कळलं का? एवढ्या वर्षांत तिथं नांगर घातला न्हाई. तिथला दाणा घरात येतच न्हाई!"

हे मुलीला ठाऊक नव्हतं.

"हवा काय बांधाच्या आत ऱ्हाती का, आबा?"

बापाने काठी उचलली, या वेळी मुलीवर. बहीण मध्ये आली आणि फटका तिच्या मनगटावर बसला. दारामागून मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मी म्हणलं नव्हतं का, बाण पाठ करून घ्या म्हणून?" आत मात्र ते आले नाहीत.

एक बाटली फुटायची राहिली होती. बहिणीने ती दुसऱ्या हाताने उचलली, देठ घातला आणि मुलीपुढे धरली.

"फुंक."

मुलीने नाही म्हणून मान हलवली.

"का?"

"आई बाहीर जाईल."

"मग धरून ठेव," बहीण म्हणाली.

मुलीने ओठ मिटले आणि नाक दाबलं. तिचा चेहरा तांबडा झाला, मग काळवंडला, मानेच्या शिरा फुगल्या. मी पुढे झालो तर बहिणीने मला अडवलं. बापाच्या हातातून काठी पडली. त्याने ओरडून मुलीच्या पाठीत बुक्की घातली. श्वास सुटला आणि ती घशातून आवाज काढत हवा ओढू लागली.

"धरून ठेवता आलं?" बहिणीने विचारलं. आवाज वर्गातलाच होता, मऊ नव्हता. "सोडल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. तू इतकी वर्षं सोडतेस आणि घेतेस. भाकरीही तेव्हापासूनच खातेस. एवढी मोठी झालीस ती त्याच्यावरच."

मुलगी बापाकडे वळली. "आबा, तुमी खाता तवा तुमाला कळतं का?"

"काय?"

"आई हाय त्यात म्हणून."

बाप काचांतच खाली बसला. म्हणाला, "कळत न्हाई. भूक लागती, खातो."

"मला बी लागलीय," मुलगी म्हणाली.

बहिणीच्या डब्यात ज्वारीचीच भाकरी होती. मुलीने तुकडा मोडला, बापाला दिला, तो खाईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग स्वतः घेतला. ती एकाच बाजूने चावत होती. दुसऱ्या बाजूचा दात बापाने घास कोंबताना तुटला होता, ते तेव्हा दिसलं.