मागाचा आवाज नसलेला निरोप

त्या बाईचं बोलणं अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा बेळगावात वडगाव भागात होतो. घरोघरी विणकरांचे माग चालायचे, पोलीस ठाण्यात बसलं तरी खडखडाट ऐकू यायचा. निवृत्तीनंतरची शांतता मला अजून मानवलेली नाही.

"साहेब, आमच्या मालकांचं काय तर बिनसलंय," ती म्हणाली. नवरा विणकर. निपाणीच्या एका एजंटानं त्याला आखातातल्या कापड गिरणीत लावतो म्हणून पाठवलं होतं. तिनं मोबाईलवरचा त्याचा निरोप ऐकवला. "आता मागावरच हाय. लई बरं चाललंय. काळजी करू नको."

"मग बरंच आहे की," मी म्हणालो.

"मागावर हळू बोलतंय व्हय कोण? घरात पण वरडून बोलणारा माणूस. ह्येनी कुणाला तर भिऊन बोलायलेत. आणि माग कुठं वाजतोय ह्यात?"

इतके जबाब घेतलेल्या मला हे सुचलं नव्हतं. तक्रार कन्नडात लिहून घेतली, तिला मराठीत समजावली आणि सही घेतली.

एजंट कोल्हापूरकडं सटकतोय अशी खबर आली. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर त्याला बसमधून उतरवलं. ठाण्यात तो गिरणीच्या नोकरीचे कागद नाचवू लागला. मी आवाज चढवला नाही. चहा दिला आणि तोच निरोप पुन्हा पुन्हा लावला. "ह्यात माग ऐकू येतो का सांग, अण्णा." तिसऱ्या वेळी तो खरं बोलला. गिरणी नव्हतीच. पर्यटक व्हिसावर नेऊन विणकराला इमारतीच्या कामाला जुंपलं होतं, पासपोर्ट ठेकेदारानं ठेवून घेतला होता आणि निरोपही त्याच्यासमोरच बोलायला लावला होता. पत्ता मिळाल्यावर वरिष्ठांमार्फत दूतावासाला लिहिलं. माणूस धडधाकट परत आला.

दोषारोपपत्र तयार करताना विणकराच्या पासपोर्ट पडताळणीचा कागद हाती आला. सही माझीच. ह्याच्यावर गुन्हा नाही, एवढंच मी पाहिलं होतं. कुणाच्या भरवशावर चाललास, हे विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. पुढं निवृत्तीपर्यंत पडताळणीला आलेल्या प्रत्येकाला ते विचारत राहिलो.

मध्यंतरी ते नवरा-बायको माझ्या घरी आले. "मागावर भागत न्हाय साहेब, परत जातो म्हणतोय," तो म्हणाला. मी चिडलोच. पण पोटासाठी निघालेला माणूस आपल्या रागानं थांबत नाही, एवढं ह्या नोकरीनं शिकवलंय. बायकोनं नव्या नोकरीचं करारपत्र माझ्यापुढं ठेवलं.

"जाऊ द्या त्येंना. पण आदी तुम्ही वाचा, मगच सही."

मी चष्मा लावला. शेवटचं पान संपेपर्यंत ती जागची हलली नाही.