सर गेले त्या संध्याकाळी

आमच्या बास्केटबॉल संघाच्या सरांचा काल मैदानावर शेवटचा दिवस होता. ऋचा आमची सगळ्यात चांगली खेळाडू. तिला चेंडू धरायलाही सरांनीच शिकवलं. पण अलीकडे दोघांचं पटेना. "सर असतील तर मी खेळणार नाही," असं तिनं क्लबला सांगितलं आणि क्लबनं तिला ठेवून घेतलं.

निघताना सर तिच्यापाशी थांबले. "गुडघ्याला पट्टी बांधत जा गं," एवढंच म्हणाले. ती बास्केटकडेच बघत राहिली.

ज्या हातानं आपण घडतो, तोच हात एक दिवस खांद्यावर जड का होतो, मला कळेना.

सर फाटकाबाहेर पडले. ऋचानं फेकलेला चेंडू जाळीतून अलगद उतरला. शाबासकीसाठी तिनं सवयीनं कडेला पाहिलं, आणि मग खालीच बसली.